प्रत्यक्ष पाहून रेखाटले

खड्ड्यात उतरायला पत्र्याच्या जिन्याच्या एकशे बारा पायऱ्या होत्या. पहिल्या महिन्यात बाई त्या मोजत उतरायच्या, चौथ्या महिन्यापासून मनातल्या मनात शिव्या घालत, आणि आता वर्ष उलटल्यावर नुसत्याच उतरायच्या. शिव्या घालायलाही अंगात त्राण लागतं.

बाई म्हणजे चित्रकार बाई. सव्वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि आता घरी बसून गुडघ्यांना तेल चोळायचं एवढाच बेत होता. पण शहराच्या पोटातून नवी रेल्वे जाणार होती, आणि ती बांधणाऱ्या महामंडळात कुणाच्या तरी डोक्यात आलं की फोटो काय सगळेच काढतात, आपण चित्रकार नेमावेत. प्रत्येक स्टेशनाला एक चित्रकार. बांधकाम आणि ते बांधणारी माणसं, अशी चाळीस चित्रं. स्टेशन सुरू होईल तेव्हा ती तिथेच भिंतीवर लागतील, म्हणजे पुढच्या पिढ्यांना कळेल की हे आपोआप उगवलेलं नाही. बाईंना हे ऐकून भरून आलं होतं. शाळेच्या व्हरांड्याबाहेर आपलं चित्र लागेल असं त्यांना आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं.

करारात एक अट होती. कुणाला मुद्दाम उभं करायचं नाही, कुणाला इकडचं तिकडे सरकवायचं नाही, जे दिसेल तेच कागदावर आणायचं. प्रत्येक चित्राच्या मागे जांभळा शिक्का बसायचा, 'प्रत्यक्ष पाहून रेखाटले', आणि त्याखाली बाईंची तारखेसह सही. ही अट बाईंना इतकी आवडली की कराराचं तेवढंच पान त्यांनी दोनदा वाचलं. मुलांना तरी आयुष्यभर दुसरं काय सांगितलं होतं? बघून काढा, मनाने काढू नका.

खाली, स्टेशनासाठी खणलेल्या त्या खड्ड्यात, एका जागी वीस मिनिटांपेक्षा जास्त उभं राहू देत नसत. डोक्यावरून क्रेनचा हात फिरायचा, शिट्टी वाजायची, की बाईंनी कागद लावलेली फळी उचलून बाजूला व्हायचं. एवढ्या वेळात कोळशाने नुसता सांगाडा व्हायचा. बाकीचं काम घरी, खिडकीपाशी. त्या खिडकीत बाईंची ताई बसलेली असायची. ताई सहा वर्षांनी मोठी, लग्न न केलेल्या दोघी बहिणी एकाच घरात म्हाताऱ्या झालेल्या. 'ताई, जरा डावीकडे सरक, उजेड अडतोय,' हे वाक्य बाई दिवसातून इतक्या वेळा म्हणायच्या की आपण ते म्हणतो हे त्यांच्या लक्षातही यायचं नाही.

'सरकून सरकून भिंतीत गेले मी,' ताई म्हणायची. 'एक दिवस रंग देणारा येईल आणि माझ्यावरूनच ब्रश फिरवून जाईल.'

घरी बसल्यावर बाई पुसायच्याही. एखादा पाइप चेहऱ्यासमोर आडवा यायचा, तो जायचा. वायरींचं जंजाळ, धोक्याच्या पाट्या, कुणाचा तरी मध्येच आलेला हात, सगळं रबराखाली. याला त्या 'रेघ मोकळी करणं' म्हणायच्या. त्यात काही खोटं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. भाजी निवडताना काड्या टाकतोच ना आपण.

तेविसावं चित्र शिडीचं होतं. शिडी म्हणजे सळया बांधणाऱ्या टोळीतला सगळ्यात उंच माणूस. पन्नाशीला टेकलेला, मान कायम जरा पुढे झुकलेली, कारण सगळ्या दारांनी त्याला आयुष्यभर धडा शिकवला होता. त्याचं खरं नाव हजेरीच्या यंत्राशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. परांचीवर चढून तो डोक्यावरच्या सळया तारेने बांधत होता आणि बाईंनी त्याला खालून, पाठीमागून पाहिलं होतं. दोन्ही हात वर, हातात तार पिळायची पकड, आणि मानेपासून कमरेपर्यंत उतरत गेलेली पाठ. तीस वर्षांचं काम त्या पाठीत उतरलेलं होतं. घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सेफ्टीच्या पट्ट्याने त्या पाठीचे चार तुकडे केले आहेत. दोन पट्टे आडवेतिडवे, एक कमरेला. बाईंनी थोडा वेळ कागदाकडे पाहिलं आणि रबर घेतलं.

ते चित्र सगळ्यांना आवडलं. महामंडळाच्या कलाविभागात एक तरुण मॅडम होत्या, बाईंचं सगळं कामकाज त्याच बघायच्या. त्यांनी ते काचेत घालून मुख्य कार्यालयात लिफ्टसमोर लावलं. बाई एकदा मुद्दाम जाऊन बघून आल्या. लिफ्ट यायला वेळ लागत होता, लोक चित्राकडे बघत उभे होते, आणि बाईंना वाटलं की चला, आता गुडघे गेले तरी चालतील.

तीन महिन्यांनी एका सोमवारी त्या खाली उतरल्या तर परांचीवर शिडी नव्हता. त्याच्या जागी दुसराच कुणीतरी पायाच्या चवड्यांवर उभा राहून सळयांशी झटापट करत होता. बाईंनी त्याच्या टोळीतल्या एकाला विचारलं. त्याने हातातली तार खाली ठेवली, इकडेतिकडे पाहिलं.

'त्याचा गेटपास काढून घेतला, बाई. तुमच्या चित्रावरून.'

काही न विचारता बाई मागे फिरल्या आणि त्याच एकशे बारा पायऱ्या धापा टाकत चढल्या.

शिडी गेटबाहेरच्या बाकड्यावर बसला होता. येताना बाईंचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. आत यायला बंदी, आणि कामाच्या वेळी घरी गेलं तर बायको विचारणार, म्हणून तो तीन दिवस शिफ्टभर तिथेच बसत होता. बाईंना बघून तो उठला, बाकडं हाताने झटकलं.

'बसा ना. चढून आलात, दम लागलाय.'

त्याने सांगितलं ते असं. सेफ्टीचे साहेब मुख्य कार्यालयात मीटिंगला गेले होते. लिफ्ट आली नाही म्हणून उभे राहिले, समोर चित्र, चित्रात शिडी, अंगावर पट्टा नाही. प्रत्येक चित्रामागे महामंडळाचा शिक्का, तारीख, सही असते, हे सगळ्यांना ठाऊक. साहेबांनी तिथेच फोटो काढला. शिडीच्या कार्डावर एक लाल शेरा आधीच होता, तीन वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या खड्ड्यातला, आणि तो खरा होता, हे तो स्वतःच म्हणाला. दुसरा लाल शेरा पडला की माणसाचं नाव यादीत जातं, आणि ती यादी सगळ्या ठेकेदारांकडे फिरते. मग या वयात सळया बांधायला कुणी उभं करत नाही. गुरुवारी चौकशी होती.

'पण पट्टा होता की तुमच्या अंगावर!' बाई म्हणाल्या.

शिडीने हाताच्या तळव्यांकडे पाहिलं. तळव्यांवर तारेचे जुने चरे होते.

'नसेल, बाई. तुमच्या चित्रात नाही म्हणजे नसेलच.'

'असं साहेबांना सांगितलंत तुम्ही?'

'सांगितलं. वाद कशाला घालायचा? तुम्ही शिकलेल्या, बघून लिहून दिलेलं. मला काय, रोज चढायचं, रोज उतरायचं. कुठल्या दिवशी काय होतं, कुणाला आठवतं?'

आपल्या अंगावर काय होतं ते या माणसाला आपल्या अंगापेक्षा बाईंच्या कागदावरून जास्त खात्रीने कळत होतं. त्या घरी गेल्या, बुटांसकट खिडकीपाशी बसल्या, आणि ताईने दोनदा हाक मारली तरी त्यांना ऐकू आलं नाही.

जेवताना त्यांनी सांगितलं. ताईने घास चावून संपवला.

'मग जा आणि सांग, मी पुसला म्हणून. त्यात एवढं काय?'

'एक शिक्का खोटा पडला की सगळे पडतील, ताई. एकतीस चित्रं झालीत. बाकीचं काम बंद करतील. भिंतीवर एकही लागणार नाही.'

'नको लागू देत. चित्रं काही परांचीवरून पडून मरत नाहीत.'

बाईंना राग आला, आणि राग आला म्हणजे ताईचं बरोबर आहे हे त्यांना जन्मभराच्या अनुभवाने ठाऊक होतं. पण त्या रागावल्याच. अठ्ठावन्नाव्या वर्षी पायऱ्या चढून-उतरून जे एक काम हाताला लागलं होतं, ते आपल्याच हाताने मोडायला निघायचं, याचा त्यांना मनापासून कंटाळा आला होता. मंगळवार आणि बुधवार त्यांनी रबराच्या चुऱ्याकडे बघत काढले.

गुरुवारची चौकशी साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये झाली. आत टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फळा. सेफ्टीचे साहेब दिसायला करडे होते, पण बाईंना ते मुख्यतः झोप न झालेले वाटले. शेजारी कलाविभागाच्या मॅडम होत्या, मांडीवर एकतीस चित्रांचं मोठं पाकीट. शिडी भिंतीशी उभा होता. खुर्ची होती, पण त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि त्यालाही तसं काही वाटलं नव्हतं.

बाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. पट्टा होता. चित्र चांगलं दिसावं म्हणून मी तो पुसला. याची काही चूक नाही, चूक माझी आहे.

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. साहेबांनी मात्र नुसती पेनाची टोपी काढली.

'पट्टा सगळेच घालतात, बाई. पट्टा घालून फिरतात आणि वर गेल्यावर हुक अडकवत नाहीत. मागच्या वर्षी मी एकाच्या घरी फोन केला होता. त्याच्याही अंगावर पट्टा होता.' ते क्षणभर थांबले. 'तसा फोन मला पुन्हा करायचा नाही. हुक दोरीला अडकवलेला होता का?'

बाईंनी डोळे मिटले. पाठ दिसली. खांदे दिसले, बनियनवरचा घामाचा डाग दिसला, कोपराजवळचं खरचटलेलं दिसलं. पट्ट्याचे चार तुकडेही दिसले. हुक दिसेना. त्यांनी हुकाकडे पाहिलंच नव्हतं. हुकाला कसली आली आहे रेघ?

भिंतीशी शिडी जमिनीकडे बघत उभा होता. त्याने मान वर केली नाही.

'होता,' बाई म्हणाल्या.

'नक्की? स्वतः पाहिलात?'

'प्रत्यक्ष.'

साहेबांनी ते लिहून घेतलं, खाली सही घेतली. आयुष्यात बाईंनी कधी इतक्या चटकन सही केली नव्हती. शेऱ्याचा कागद साहेबांनी फाइलमधून काढून आडवा फाडला आणि शिडीला म्हणाले, उद्यापासून ये.

तो गेल्यावर मॅडमनी हळूच विचारलं, 'बाई, बाकीच्या चित्रांत काही बदललेलं नाही ना?'

एव्हाना बाई इतक्या थकल्या होत्या की खोटं बोलायचंही जिवावर आलं होतं. आणि दिवसाच्या वाट्याचं एक त्या आधीच बोलल्या होत्या. त्यांनी पाकीट ओढून घेतलं आणि एकेक चित्र टेबलावर ठेवत गेल्या. इथे पाइप होता. इथे मागे तिघेजण होते, दोघे पुसले. ही क्रेनवाली बाई हसत होती, मी तिला गंभीर केली. इथे पाणी साचलेलं होतं, ते कोरडं केलं. मॅडम आधी लिहून घेत होत्या, बाराव्या चित्रापाशी त्यांनी पेन ठेवून दिलं.

आठवड्याने पत्र आलं, फार सभ्य. महामंडळ आपल्या योगदानाचं मनापासून कौतुक करतं, परंतु नोंद म्हणून ही चित्रं ठेवता येणार नाहीत. चित्रं परत पाठवत आहोत. हेल्मेट, जाकीट आणि पास साइटवर जमा करावा. ताईने पत्र वाचलं आणि त्या दिवशी खिडकीतली जागा न सांगता सोडून दिली. त्यामुळे बाईंना जास्तच वाईट वाटलं.

हेल्मेट जमा करायला त्या गेल्या तेव्हा जेवणाची सुट्टी होती. वरच्या वर देऊन परत येता आलं असतं, पण बाई खाली उतरल्या. तेविसावं चित्र गुंडाळून बगलेत घेतलं होतं. आपण कशाला आलो हे त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. शिडीला एकदा परांचीवर बघावं, आपण निदान एवढं तरी बरोबर केलं असं वाटावं, असं काहीतरी मनात होतं.

शिडी फळ्यांच्या ढिगावर बसून डबा खात होता. त्याने सरकून जागा करून दिली, डब्याचं झाकण पुढे केलं. बाईंनी नको म्हटलं. वर आभाळाचा चौकोनी तुकडा होता.

'तुमचं काम गेलं म्हणे माझ्यामुळे,' शिडी म्हणाला.

'तुमच्यामुळे नाही. माझंच मी घालवलं.'

त्याने डबा बंद केला, फडक्यात गुंडाळला, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

'एक सांगू का, बाई? कुणाला सांगू नका. तुम्ही साहेबांना म्हणालात ना, हुक होता म्हणून. नव्हता.'

'म्हणजे?' बाईंनी विचारलं.

'तुम्ही खालून म्हणालात, भाऊ, जरा डावीकडे सरका, उजेड अडतोय. तिकडे दोरी पुरेना. मग सोडला हुक. म्हटलं, दहा-पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे. तुमचं झालं, तुम्ही फळी उचललीत, की लगेच लावला परत.'

बाईंना आठवलं नाही. खूप ताण देऊनही आठवलं नाही, आणि तरी हे खरं आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका वाटली नाही. शब्द त्यांचेच होते. त्या शब्दांनी त्यांनी सव्वीस वर्षं मुलांना आणि जन्मभर ताईला सरकवलं होतं, आणि मग एका माणसाला सात मजली खड्ड्यात, चार बोटांच्या फळीवर, दोरी सोडायला लावून सरकवलं होतं. पाठीवर चांगला उजेड यावा म्हणून.

'आणि तुम्ही सांगितलंत का नाही?' बाईंनी विचारलं. 'साहेबांना तेव्हाच सांगायचं. बाईंनी सरकायला सांगितलं म्हणून.'

'कसं सांगणार? मॅडम पहिल्या दिवशी आम्हाला सगळ्यांना सांगून गेल्या होत्या, बाई तुम्हाला सरका म्हणणार नाहीत, तशी त्यांना बंदी आहे. मी बोललो असतो तर तुमचं काम गेलं असतं.' तो जरासा हसला. 'तरी गेलंच म्हणा.'

बाईंना लाज वाटली. साधी, सरळ, कान तापवणारी लाज. केबिनमध्ये तो मान खाली घालून उभा होता तेव्हा त्यांना वाटलं होतं की याचा कागदावर भाबडा विश्वास आहे, आणि त्याची त्यांना कीवही आली होती. तो तिथे उभा राहून त्यांची नोकरी वाचवत होता. आणि साहेब, ज्यांना तो फोन पुन्हा करायचा नव्हता, ते एकटेच त्या केबिनमध्ये बरोबर होते.

'भाऊ,' त्या म्हणाल्या, 'पुन्हा कुणी सरका म्हटलं तर सरकू नका. कुणीही म्हटलं तरी.'

'नाही सरकणार,' तो म्हणाला. लहान मुलाने बाईंना म्हणावं तसं म्हणाला, आणि बाईंना त्याचा मुळीच भरवसा वाटला नाही.

त्याने बाईंच्या बगलेतल्या गुंडाळीकडे पाहिलं. 'तेच का ते? मी अजून पाहिलंच नाही. साहेबांनी फोनवर दाखवलं, एवढुसं.'

बाईंनी चित्र उलगडून फळ्यांवर पसरलं. शिडीने दोन्ही कडांवर हात ठेवून ते बराच वेळ पाहिलं. आपली पाठ माणसाला कधी दिसत नाही. त्याने मान पुढे घेतली, मागे घेतली.

'म्हातारा झालो की मी,' तो म्हणाला. मग म्हणाला, 'हे मला मिळेल का? आता त्यांना नकोच आहे तर. घरी लावीन. मी इथे काय करतो ते बायकोने कधी बघितलंच नाही.'

'तुमचंच आहे. घ्या.'

त्याने लगेच गुंडाळलं नाही. अवघडल्यासारखा मिशीवरून हात फिरवला.

'फक्त एक करा ना, बाई. तेवढा पट्टा घाला त्यात. आणि हुक. दोरी पण. नाहीतर तिला वाटेल मी रोज असाच चढतो. रात्रीची झोपायची नाही ती.'

बाईंनी पिशवीतून कोळसा काढला. गुडघे आखडले होते, त्या फळ्यांवरच वाकून बसल्या आणि पट्टा घालायला लागल्या. दोन आडवेतिडवे, एक कमरेला. पाठीचे चार तुकडे झाले. पट्टा बरा आला. मग पट्ट्याला हुक.

'दोरी कुठपर्यंत येत होती?' त्यांनी विचारलं.

शिडीने वाकून कागदावर बोट ठेवलं. 'इथपर्यंत.'

त्याच्या बोटापासून हुकापर्यंत वीतभर कोरा कागद होता. बाईंनी त्या कागदाकडे पाहिलं. वरती शिट्टी वाजली, सुट्टी संपली, लोक हेल्मेटं उचलून उठायला लागले. शिडीही घाईने उठला. बाईंनी कोळसा दाबून धरला, त्याच्या बोटाच्या खुणेपासून दोरी खाली ओढत आणली आणि हुकाला नेऊन जोडली.

'हां,' शिडी वाकून बघत म्हणाला. 'आता घरी नेता येईल.'